विद्यापीठ-क्रमवारी आणि सार्वजनिक विद्यापीठे

उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थांना काही ठराविक निकषांवर गुण देऊन त्यांची उतरत्या क्रमाने केलेली मांडणी म्हणजे विद्यापीठ-क्रमवारी होय. मूल्यांकन आणि क्रमवारी या दोन गोष्टी व्यवहारात एकच समजल्या जातात. परंतु त्यांच्यात मूलभूत फरक आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (स्था. १९९४), म्हणजेच सर्वपरिचित ‘नॅक’, संस्थेची तपासणी करून तिला श्रेणी देते. एका संस्थेस उत्तम श्रेणी मिळाल्याने दुसरीची श्रेणी खालावत नाही. क्रमवारीत मात्र एक वर चढल्याशिवाय दुसरी खाली येत नाही आणि संस्था आहे तिथेच राहूनही, केवळ इतर पुढे गेल्यामुळे, तिचा क्रमांक घसरू शकतो. सर्वसामान्य वाचकाला क्रमांक समजण्यास सोपा वाटतो, श्रेणी तितकी सोपी वाटत नाही. क्रमवारीचा लोकमतावरील प्रभाव प्रामुख्याने या सोपेपणातून आलेला आहे.

शासनाने कायद्याने स्थापन केलेल्या आणि मुख्यतः शासकीय निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना महाराष्ट्रात ‘सार्वजनिक विद्यापीठे’ असे म्हणतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यामुळे ही संज्ञा रूढ झाली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांची संख्या वाढू लागल्यानंतर, पूर्वी नुसते ‘विद्यापीठ’ म्हटले की भागत असे तेथे, हे विशेषण लावणे आवश्यक ठरले. क्रमवारीचा परिणाम या विद्यापीठांच्या प्रतिमेवर विशेष तीव्रतेने होतो. प्रस्तुत नोंदीत त्याचे विवेचन पुणे विद्यापीठ आणि त्याच्या कार्यक्षेत्रातील पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा यांच्या आधारे केले आहे.

उगम व विस्तार : विद्यापीठांना क्रम लावण्याचा एक जुना प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १९१० मध्ये केला. नामवंत शास्त्रज्ञ कोणत्या संस्थेत किती आहेत, याची मोजदाद करून त्यांनी संस्थांची यादी तयार केली होती. विद्यार्थी-पालक हा वाचकवर्ग डोळ्यांपुढे ठेवून क्रमवारी प्रसिद्ध करण्याची प्रथा मात्र यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट या नियतकालिकाने १९८३ मध्ये पाडली. त्या पहिल्या यादीसाठी महाविद्यालयीन अध्यक्षांना केवळ त्यांचे मत विचारण्यात आले होते आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ तीत पाचवे आले. पुढे वर्गातील विद्यार्थिसंख्या, दर विद्यार्थ्यामागील खर्च, प्रवेश नाकारण्याचे प्रमाण, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या इ. निकष आले आणि तेच बर्कली विसाव्या क्रमांकाच्या आसपास स्थिरावले. मोजण्याची रीत बदलली आणि नवे निकष श्रीमंत खाजगी संस्थांना अनुकूल होते, एवढ्यानेच हे घडले. २०२३ मध्ये यांपैकी काही निकष गाळून गरीब घरांतील विद्यार्थ्यांच्या पदवी पूर्ण करण्यास अधिक भार देण्यात आला, तेव्हा अनेक सार्वजनिक विद्यापीठे एका वर्षात वर सरकली. काही तर पन्नासांहून अधिक स्थाने वर आली.

जागतिक क्रमवारीचा प्रारंभ शांघाय जिआओ टोंग विद्यापीठाने २००३ मध्ये केला. चिनी विद्यापीठे जगाच्या तुलनेत कोठे आहेत हे पाहणे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. पुढील वर्षी लंडनच्या टाइम्स हायर एज्युकेशन आणि क्यूएस या संस्थांनी संयुक्त यादी काढली. या दोघी नंतर विभक्त झाल्या आणि आज स्वतंत्र याद्या प्रसिद्ध करतात. पहिल्या दोनशे विद्यापीठांत एकही भारतीय विद्यापीठ नाही, ही खंत राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी आपल्या कारकीर्दीत वारंवार बोलून दाखविली. त्यानंतर हा विषय शैक्षणिक वर्तुळापुरता न राहता वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

भारतीय क्रमवारी : परदेशी याद्यांचे निकष भारतीय परिस्थितीला लागू पडत नाहीत, या भूमिकेतून केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा जाहीर केला. तो एनआयआरएफ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. पहिली क्रमवारी ४ एप्रिल २०१६ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा विद्यापीठे, अभियांत्रिकी, व्यवस्थापन व औषधनिर्माणशास्त्र असे चारच गट होते. २०२५ मध्ये गटांची संख्या १७ झाली आणि सहभागी संस्थांची संख्या २,४२६ वरून ७,६९२ वर गेली. विद्यापीठ गटात अध्यापन, अध्ययन व साधनसामग्री यांस ३०, संशोधन व व्यावसायिक कार्यास ३०, पदवी-निष्पत्तीस २०, सर्वसमावेशकतेस १० आणि लोकमान्यतेस १० टक्के भार आहे. शेवटचा निकष अध्यापक आणि नियोक्ते यांच्या मतचाचणीवर ठरतो.

या पाच शीर्षकांच्या आत काय मोजले जाते, हे पाहिल्याशिवाय क्रमांकाचा अर्थ लागत नाही. पहिल्या शीर्षकातील एक महत्त्वाचा घटक विद्यार्थी-अध्यापक प्रमाण हा आहे. अनेक गटांत पंधरा विद्यार्थ्यांमागे एक नियमित अध्यापक असल्यास पूर्ण गुण मिळतात आणि पन्नासांमागे एकही नसल्यास शून्य. त्याच शीर्षकाखाली अध्यापकांची पीएच.डी. व अनुभव, तसेच संस्थेने केलेला खर्च यांचा हिशेब होतो. संशोधनात प्रसिद्ध निबंध, त्यांचे इतरांनी केलेले उल्लेख, एकस्वे आणि प्रकल्पनिधी येतात. अध्यापकांची संख्या कमी झाली की केवळ प्रमाणच बिघडते असे नाही. निबंध लिहिणारे, प्रकल्प आणणारे आणि पीएच.डी.स मार्गदर्शन करणारे हातही कमी होतात. एक पद रिक्त राहिल्याचा परिणाम अशा रीतीने तीन शीर्षकांत मोजला जातो.

पुणे विद्यापीठाचे उदाहरण : पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू होते. आरंभी पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात होते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२) आणि जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (१९९०) स्थापन झाल्यानंतर ते पुणे, अहमदनगर (आता अहिल्यानगर) व नासिक या तीन जिल्ह्यांपुरते उरले. २०१४ मध्ये त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. कार्यक्षेत्र आकसले, तरी संलग्न महाविद्यालये आणि विद्यार्थी यांची संख्या वाढतच गेली आणि आज शेकडो महाविद्यालये व लाखो विद्यार्थी यांचा भार या विद्यापीठावर आहे.

राष्ट्रीय क्रमवारीतील त्याची वाटचाल पुढीलप्रमाणे झाली : विद्यापीठ गटात २०१७ मध्ये दहावे, २०१८ मध्ये नववे, २०१९ मध्ये दहावे, २०२० मध्ये नववे. या काळात राज्य विद्यापीठ असूनही ते देशातील पहिल्या दहांत टिकून होते आणि पुणेकरांनी त्याचा सार्थ अभिमान बाळगला. त्यानंतर २०२१ मध्ये ते अकरावे, २०२२ मध्ये बारावे, २०२३ मध्ये एकोणिसावे आणि २०२४ मध्ये तेविसावे आले. ४ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या यादीत ते एकदम छप्पन्नाव्या स्थानी गेले. सर्व संस्थांच्या एकत्रित गटात ते ३७ वरून ९१ वर आले. राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा स्वतंत्र गट २०२४ मध्ये सुरू झाला; त्यात पहिल्याच वर्षी पुणे विद्यापीठ देशात तिसरे होते, पुढील वर्षी अकरावे झाले. त्याच वेळी मुंबई विद्यापीठ ६१ वरून ५४ वर, म्हणजे पुण्याच्या दोन स्थाने पुढे, सरकले. दोन शहरांतील जुनी चुरस लक्षात घेता ही बातमी कशी वाचली गेली असेल, हे सांगावयास नको.

वृत्तपत्रांनी या घटनेचे वर्णन सामान्यतः ‘विद्यापीठाचा दर्जा घसरला’ असे केले. हे वर्णन अगदीच चूक नाही, पण ते अपुरे आहे. घसरणीच्या कारणांत रिक्त अध्यापकपदांचा उल्लेख सर्वांत ठळकपणे झाला. विद्यापीठातील मंजूर अध्यापकपदांपैकी निम्म्याच्या आसपास पदे अनेक वर्षे भरलेली नव्हती. राज्य विद्यापीठात पद मंजूर करणे, ते भरण्यास अनुमती देणे आणि त्याचे वेतन देणे या तिन्ही गोष्टी मुख्यतः शासनाच्या हाती असतात. विद्यापीठ स्वतःच्या इच्छेने नियमित प्राध्यापक नेमू शकत नाही. जागा निवृत्तीने रिकाम्या होत गेल्या आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावरील वा कंत्राटी अध्यापक आले. मे २०२२ ते जून २०२३ या सुमारे एक वर्षाच्या काळात विद्यापीठाला पूर्णवेळ कुलगुरूही नव्हता. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना अशी अडचण नसते : शुल्कातून येणाऱ्या उत्पन्नावर ती हवे तेव्हा अध्यापक नेमतात. क्रमांकाच्या यादीत मात्र दोन्ही प्रकारच्या संस्था एकाखाली एक छापल्या जातात. छप्पन्न हा आकडा विद्यापीठाच्या शैक्षणिक कार्याइतकाच राज्याच्या पदभरती-धोरणाचेही मोजमाप आहे. पण यादीत शासनाचे नाव कोठेच येत नाही, विद्यापीठाचे येते.

यादीच्या मध्यभागातील स्वरूपामुळेही घसरण प्रत्यक्षाहून मोठी दिसते. पहिल्या दोन-चार संस्थांच्या गुणांत बरेच अंतर असते. पुढे मात्र संस्था दाटीवाटीने उभ्या असतात आणि थोड्या गुणांच्या फरकाने वीस-तीस स्थाने बदलतात. म्हणूनच शंभराच्या पुढे स्वतंत्र क्रमांक न देता १०१ ते १५० असे पट्टे देण्याची पद्धत आहे. तेवीस ते छप्पन्न हे अंतर तीन ते छत्तीस या अंतराइतके मोठे मानण्याचे कारण नाही. वाचणारा मात्र ते तसेच वाचतो.

याहून बोलके उदाहरण त्याच वर्षीचे आहे. जून २०२५ मध्ये क्यूएस संस्थेची जागतिक क्रमवारी प्रसिद्ध झाली. तीत पुणे विद्यापीठ ६३१-६४० या पट्ट्यातून वर येऊन ५६६ व्या क्रमांकावर पोचले होते. म्हणजे तीन महिन्यांच्या आत एकाच विद्यापीठाने जगात प्रगती केली आणि देशात अधोगती. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. क्यूएसच्या गुणांत अध्यापक व नियोक्ते यांच्या मतास एकत्रित ४५ टक्के भार आहे आणि अध्यापक-विद्यार्थी प्रमाणास अवघा १० टक्के. शिवाय संशोधन-उल्लेखांची संख्या अध्यापकसंख्येने भागली जाते. या शेवटच्या भागाकारात अध्यापक कमी असणे गणिती दृष्ट्या सोयीचेच ठरते. ज्या रिक्त जागा एका यादीत विद्यापीठाला खाली ओढतात, त्या दुसरीच्या एका रकान्यात त्याला हातभार लावू शकतात. पुण्याबाहेर, विशेषतः आशिया-आफ्रिकेतील देशांत, पुण्याचे नाव दीर्घकाळ परिचित आहे. तेथून अनेक दशके विद्यार्थी येथे येत आहेत आणि मतचाचणीवर भर देणाऱ्या यादीत अशा जुन्या नावलौकिकाला किंमत असते. यांपैकी सप्टेंबरमधील बातमी लोकांच्या स्मरणात राहिली.

आवार व संलग्न महाविद्यालये : क्रमवारीच्या लोकप्रिय आकलनातील सर्वांत मोठी गफलत येथे आहे. राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठाचे गुण ठरतात ते त्याच्या आवारातील पदव्युत्तर विभागांच्या माहितीवरून. संलग्न महाविद्यालये त्यात धरली जात नाहीत. त्यांना हवे असल्यास ती महाविद्यालये, अभियांत्रिकी, व्यवस्थापन इ. गटांत स्वतंत्रपणे उतरतात. तीन जिल्ह्यांतील बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्या शिक्षणाशी या छप्पन्नाव्या क्रमांकाचा थेट संबंध नाही. पण त्यांच्या पदवीपत्रावर नाव छापले जाते ते विद्यापीठाचेच.

उलट दिशेनेही असाच गैरसमज होतो. खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र (आयुका), प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) आणि रेडिओ खगोलभौतिकीचे राष्ट्रीय केंद्र या नामवंत संस्था विद्यापीठाच्या आवारात आहेत. त्यामुळे सामान्य नागरिक त्यांना विद्यापीठाचाच भाग समजतो. परंतु त्या स्वायत्त असल्याने त्यांच्या संशोधनाचे श्रेय विद्यापीठाच्या खात्यावर पडत नाही. जुनी व नावाजलेली महाविद्यालये स्वायत्त होत गेली आहेत. १८५४ पासूनची परंपरा सांगणारे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. विद्यापीठाच्या नावाला वजन देणाऱ्या संस्था अशा एकेक करून त्या नावाखालून बाहेर पडत आहेत आणि परीक्षा, संलग्नता व निकाल यांचे अवजड काम तेवढे मागे राहते.

रहाटणी परिसरातील आकलन : विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारापासून औंधमार्गे सु. दहा किमी. अंतरावर रहाटणी हे पूर्वीचे खेडे व आताचे उपनगर आहे. काळेवाडी, थेरगाव व पिंपळे सौदागर यांच्या मध्ये वसलेला हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या (स्था. १९८२) हद्दीत येतो. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना निघाला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली. पुढे भोसरी, चाकण आणि हिंजवडी यांची भर पडली आणि या पट्ट्यात मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर-सांगली येथून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. रहाटणीतील इमारतींत या स्थलांतराचे सर्व थर एकत्र आढळतात : निवृत्त कामगार, कारखान्यातील पर्यवेक्षक, माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील अभियंता, रिक्षाचालक, छोटा पुरवठादार.

पुण्याच्या पेठांतील कुटुंबाला कोणते महाविद्यालय कशासाठी चांगले, हे ज्ञान वारशाने मिळत असे. फर्ग्युसन (१८८५) आणि सर परशुरामभाऊ (१९१६) यांतील फरक त्या घरात कोणास यादी पाहून समजून घ्यावा लागत नसे. लातूर वा जळगावहून नोकरीसाठी आलेल्या आणि घरातील पहिला पदवीधर घडवू पाहणाऱ्या पालकाजवळ ही शिदोरी नसते. त्याच्या दृष्टीने क्रमवारी हे मोठेच साधन होय. कोणाची ओळख न काढता, कोणाच्या शब्दावर विसंबून न राहता त्याला एक तुलना हाती मिळते. क्रमवारीवर टीका करणारे बहुधा वारशाने माहिती मिळालेल्या वर्गातील असतात, ही गोष्ट विसरता येत नाही. मात्र याच कारणामुळे क्रमवारीतील गफलतीचा फटकाही या पालकालाच अधिक बसतो. यादी चुकीची वाचली गेली, तर ती तपासून पाहण्यास त्याच्याकडे दुसरे साधन नसते.

प्रत्यक्षात या भागातील पालकांच्या मनात एक नव्हे, तर तीन-चार याद्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्या होतात. पसंतीक्रम भरताना विद्यार्थी गतवर्षी कोणत्या महाविद्यालयाची कोणती शाखा किती पर्सेंटाइलला बंद झाली, ते पाहतो. हा ‘कट-ऑफ’ म्हणजे मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी नकळत तयार केलेली क्रमवारीच असते आणि निगडी, आकुर्डी, ताथवडे येथील महाविद्यालयांची उतरंड लोकांच्या मनात तिच्यावरूनच ठरते. नॅकची श्रेणी ही दुसरी यादी, एनआयआरएफ ही तिसरी. प्रवेशाच्या हंगामात रस्तोरस्ती लागलेल्या फलकांवर या सर्व एकत्र येतात आणि संस्था आपल्याला सोयीचा आकडा निवडून छापते : कधी संपूर्ण विद्यापीठाचा, कधी एकाच विद्याशाखेचा, कधी तीन वर्षांपूर्वीचा. पिंपरी येथील डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठास (अभिमत दर्जा २००३) २०२३ मध्ये दंतवैद्यक गटात देशात तिसरा क्रमांक मिळाला होता. हा क्रमांक दंतवैद्यकाचा होता. पण एका शाखेचा नावलौकिक त्याच नावाच्या इतर संस्थांवरही पसरतो, हा लोकमताचा स्वभावच आहे. सार्वजनिक विद्यापीठ जाहिरात करीत नाही. त्याच्याविषयीची माहिती लोकांपर्यंत पोचते ती वर्षातून एकदा घसरणीच्या बातमीतून आणि एरवी लांबलेल्या निकालांच्या बातम्यांतून.

लोकमताचे चक्र : क्रमवारी लोकमत मोजते आणि ते घडवितेही. मतचाचणीत ज्यांना प्रश्न विचारले जातात, ते अध्यापक आणि नियोक्ते वृत्तपत्रे वाचतच असतात. एखादे विद्यापीठ घसरल्याची बातमी वाचलेला नियोक्ता पुढील वर्षी त्याला कमी गुण देण्याचा संभव असतो आणि ते कमी गुण पुन्हा क्रमांकात उतरतात. वेंडी एस्पेलँड व मायकेल सॉडर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या अभ्यासात ही प्रक्रिया तपशिलाने दाखविली आहे. क्रमवारीने मोजल्या जाणाऱ्या संस्था हळूहळू मोजमापाला साजेशा वागू लागतात, असे त्यांना आढळले. औद्योगिक पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग नोकरभरतीसाठी कोणत्या संस्थांत जावयाचे याची यादी ठरवून ठेवतात. त्या यादीत नसलेल्या महाविद्यालयाच्या पदवीधराला कारखान्याच्या दारापर्यंत स्वतःच चालत जावे लागते, मग त्याचे घर त्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर का असेना. हुशार विद्यार्थी दुसरीकडे वळले, तर पुढील वर्षीचे निकाल, पीएच.डी.ची संख्या आणि निबंधही कमी होतात. या अवस्थेत क्रमांकाची भविष्यवाणी स्वतःच स्वतःला खरी करून दाखविते.

आकड्यांच्या दडपणाखाली होणारे गैरप्रकारही जगभर नोंदले गेले आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने वर्गसंख्येविषयी दिलेली माहिती चुकीची असल्याचे तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये दाखवून दिले. त्या वर्षी ते विद्यापीठ दुसऱ्या स्थानावरून अठराव्यावर आले. भारतात निबंधांच्या संख्येस महत्त्व आल्यानंतर सुमार नियतकालिकांना आणि मागे घेतल्या जाणाऱ्या निबंधांना ऊत आला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रमवारीत अशा मागे घेतलेल्या निबंधांबद्दल प्रथमच गुण वजा करण्यात आले. टाइम्सच्या यादीतील पद्धत अपारदर्शक आहे असे सांगून सात भारतीय तंत्रविज्ञान संस्थांनी २०२० मध्ये तीतून अंग काढून घेतले. एवढे मोठे नाव असलेल्या संस्थांना हे शक्य होते. राज्य विद्यापीठाने तसे केले असते, तर ते घसरणीला घाबरले असाच अर्थ लावला गेला असता.

न मोजले जाणारे कार्य : सार्वजनिक विद्यापीठाचे वेगळेपण ज्या गोष्टींत आहे, त्यांपैकी बहुतेकींना क्रमवारीत रकाना नाही. शुल्क किती आकारले जाते, हे थेट मोजले जात नाही. नासिक जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांपासून शिरूर-दौंडपर्यंत पसरलेल्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ठरविणे आणि लाखो उत्तरपत्रिका तपासून निकाल लावणे हे काम कोणत्याही निकषात बसत नाही. मराठीतून शिकविणे व मराठीतून उत्तरे लिहू देणे यास गुण नाहीत. निबंध व त्यांचे उल्लेख ज्या आंतरराष्ट्रीय सूचींतून मोजले जातात, त्या प्राधान्याने इंग्रजी नियतकालिकांच्या आहेत. परिणामी मराठी भाषा-साहित्य, महाराष्ट्राचा इतिहास वा सहकाराचे अर्थकारण यांवर मराठीत ग्रंथ लिहिणारा प्राध्यापक विद्यापीठाच्या गुणांत जवळजवळ अदृश्य राहतो. आवारात काम करून शिक्षणाचा खर्च भागविण्याची ‘कमवा व शिका’ योजना ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना आधार ठरली आहे. तिचाही हिशेब कोठे लागत नाही. सर्वसमावेशकतेच्या दहा टक्क्यांत परराज्यांतील व परदेशांतील विद्यार्थी, स्त्रियांचे प्रमाण, दुर्बल घटकांतील विद्यार्थी आणि अपंगांसाठीच्या सोयी ही सर्व एकत्र कोंबलेली आहेत. हा भार लोकमान्यतेच्या भाराइतकाच आहे.

याचा अर्थ पुणे विद्यापीठाचे सर्व काही ठीक आहे आणि यादीच तेवढी सदोष आहे, असा नव्हे. निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या विभागात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान खरेच होत असते आणि क्रमवारीने ते चव्हाट्यावर आणले, हे तिचे कामच झाले. रिक्त पदांचा प्रश्न प्राध्यापक संघटना वर्षानुवर्षे मांडत होत्या. छप्पन्न या एका आकड्याने त्याकडे जेवढे लक्ष वेधले, तेवढे निवेदनांनी वेधले नव्हते. लोकांनी मात्र त्या आकड्याचा दोष ज्याच्या माथी मारला, त्याच्या हाती तो दुरुस्त करण्याचे अधिकार अर्धेच होते.

राष्ट्रीय क्रमवारीची एक बाजू त्या मानाने अल्पपरिचित आहे. सहभागी संस्थेने सादर केलेली मूळ माहिती आराखड्याच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. तीत प्रवेशक्षमता व प्रत्यक्ष विद्यार्थी, ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण करणाऱ्यांची संख्या, नोकरी मिळालेल्यांची व उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची संख्या, वेतनाचा मध्यांक, ग्रंथालय व प्रयोगशाळांवरील खर्च, पीएच.डी. मिळविणाऱ्यांची संख्या असे तपशील वर्षवार असतात. वेतनाची सरासरी एखाद्या मोठ्या पगाराने फुगू शकते. मध्यांक तसा फुगत नाही, म्हणून फलकावरील सर्वोच्च पगारापेक्षा तो अधिक विश्वसनीय होय. शेवटी अध्यापकांची नावनिशीवार यादी असते. तीत प्रत्येकाचे वय, पद, शैक्षणिक पात्रता व अनुभव यांबरोबरच त्याची नियुक्ती नियमित आहे की अन्य स्वरूपाची, हेही नमूद केलेले असते.